फेब्रुवारी 2027 चा मंगळ: गच्चीवरून कसा पाहायचा

मंगळ साधारण दर 780 दिवसांनी, म्हणजे दोन वर्षं पन्नास दिवसांनी, आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो. सूर्य मावळला की तो उगवतो आणि रात्रभर दिसतो. या प्रतियुतीच्या आसपासचे तीन महिने सोडले, तर मंगळ दुर्बिणीतून पाहण्यासारखा नसतो. एक बारीक केशरी ठिपका दिसतो, बस्स. म्हणून तयारी आधी करायची आणि ते तीन महिने वाया जाऊ द्यायचे नाहीत.

19 फेब्रुवारी 2027 ची प्रतियुती आकड्यांत लहानच आहे. मंगळ तेव्हा सुमारे 10 कोटी 14 लाख किलोमीटरवर असेल आणि त्याची चकती 13.8 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) दिसेल. ऑगस्ट 2003 मध्ये तो 5 कोटी 58 लाख किलोमीटरवर आला होता आणि चकती 25.1 विकला होती. त्यामुळे 2027 ला फारसं काही नाही, 2035 ची वाट बघा, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसाने हा सल्ला ऐकू नये.

मंगळाची कक्षा लंबगोल आहे. तिचा सूर्याला सर्वांत जवळचा भाग ज्या दिशेला आहे, त्या दिशेला पृथ्वी ऑगस्टच्या शेवटी असते. त्यामुळे मोठ्या प्रतियुत्या जुलै ते सप्टेंबर या काळातच पडतात, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. 2003 ची ऑगस्टमध्ये होती, 2018 ची 27 जुलैला, आणि 2035 ची 15 सप्टेंबरला आहे. शिवाय तेव्हा मंगळ आकाशात दक्षिणेला असतो. जुलै 2018 मध्ये ढग बाजूला झाले तरी मुंबईतून तो पंचेचाळीस अंशांच्या आसपासच वर येत होता, आणि त्यातच मंगळावर ग्रहभर धुळीचं वादळ उठल्यामुळे मोठ्या चकतीवर काही दिसत नव्हतं. फेब्रुवारी 2027 मध्ये मात्र आकाश कोरडं असेल आणि मंगळ मुंबई-पुण्यात जवळजवळ डोक्यावर, 85 अंशांच्याही वर चढेल. म्हणजे त्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येईल. स्थिर हवेतली 13.8 विकलांची चकती थरथरत्या हवेतल्या 24 विकलांपेक्षा जास्त तपशील दाखवते. 25 मार्च 2029 ची प्रतियुती (14.5 विकला) आपल्यासाठी अशीच सोयीची आहे. 4 मे 2031 ला चकती 16.9 विकलांची असेल, पण तेव्हा मंगळ पुन्हा दक्षिणेकडे सरकलेला असेल.

कधी आणि कुठे

मंगळ सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या अगदी शेजारी असेल. प्रतियुतीच्या रात्री तो मघाच्या उत्तरेला साधारण चार अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीहून थोडा जास्त दूर असेल. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) उणे 1.2 असल्यामुळे मघापेक्षा तो कितीतरी तेजस्वी दिसेल. घोटाळा झालाच तर गुरूमुळे होईल. गुरूची प्रतियुतीही त्याच महिन्यात आहे आणि तो मंगळाच्या पश्चिमेला जेमतेम दहा अंशांवर, मंगळाहून ठळक दिसेल. गुरू पिवळसर पांढरा आणि मंगळ केशरी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुर्बीण नसेल तरी एक काम जरूर करा. 10 जानेवारीच्या सुमारास मंगळ वक्री होईल आणि 1 एप्रिलच्या सुमारास पुन्हा मार्गी. डिसेंबरच्या मध्यापासून मेपर्यंत दर चार-पाच दिवसांनी मघा, सिंहेतले बाकीचे तारे आणि गुरू यांच्या संदर्भाने मंगळाची जागा एकाच कागदावर टिंबाने मांडत जा आणि शेजारी तारीख लिहा. तो आधी मघाच्या पूर्वेला दहा अंशांवर थबकेल, मग उलट फिरून मघाच्या डोक्यावरून पश्चिमेला जाईल आणि मार्चअखेर गुरूच्या बराच जवळ सरकलेला असेल. पंचांगात छापलेला 'वक्री' हा शब्द असा स्वतःच्या हाताने कागदावर उमटलेला पाहावा.

दुर्बिणीसाठी चकती दहा विकलांपेक्षा मोठी असण्याचा काळ जानेवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आहे. मंगळ मध्यान्हवृत्तावर, म्हणजे सर्वांत उंच, कधी येतो तेही बदलत जातं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमारास, प्रतियुतीला मुंबई-पुण्यात मध्यरात्रीनंतर पाऊण-एक तासाने (नागपूरकडे साडेबाराच्या आसपास), आणि मार्चच्या मध्याला रात्री पावणेअकरा-अकराला. नोकरी-शाळा सांभाळून पाहायचं असेल तर मार्चचे पहिले तीन आठवडे सर्वांत सोयीचे. चकती तोवर थोडी लहान होते, पण फार नाही.

दुर्बीण आणि आयपीस

13.8 विकला म्हणजे साधारण चारशे मीटरवरून पाहिलेलं दहा रुपयांचं नाणं. नुसत्या डोळ्यांना चंद्र जेवढा दिसतो तेवढा मंगळ दिसायला 130 पट विवर्धन लागतं. कामाचा पल्ला 150 ते 250 पट.

70-80 मिलिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीतून केशरी चकती, ध्रुवाची पांढरी टोपी आणि हवा चांगली असेल त्या रात्री एखादा मोठा काळपट डाग दिसतो. 114 ते 130 मिलिमीटरच्या परावर्ती, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीतून डागांचे आकार ओळखू येतात. 150 किंवा 200 मिलिमीटरची डॉब्सनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची परावर्ती दुर्बीण) असेल तर मंगळाचा नकाशा घेऊन बसण्यात अर्थ आहे. नवीन घ्यायचीच असेल तर त्याच पैशात मोटारवाल्या 114 पेक्षा बिनमोटारीची 150 घ्या.

विवर्धन काढायचं म्हणजे दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नाभीय अंतराने भागायचं. 1200 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 9 चा आयपीस लावला की 133 पट, 6 चा लावला की 200 पट. वरची मर्यादा साधारणपणे आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट धरतात. स्वस्त 114/900 (114 मिमी व्यास, 900 मिमी नाभीय अंतर) दुर्बिणीच्या खोक्यात 4 मिमीचा आयपीस आणि 3 पट बार्लो (विवर्धन वाढवणारं जोडभिंग) येतात, आणि खोक्यावर '675 पट' छापलेलं असतं. तिची मर्यादा 228 आहे. ही जोडी लावून कित्येक जणांनी केशरी धुकं पाहिलं आणि दुर्बीण माळ्यावर टाकली. ती बार्लो बाजूला ठेवा आणि एकच चांगला 6 किंवा 5 मिमीचा आयपीस घ्या.

हवा आणि उष्णता

मंगळ न दिसण्याचं सर्वांत मोठं कारण दुर्बिणीत नसतं, तिच्या आजूबाजूच्या हवेत असतं. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. शक्य असेल तर अंगणात, मातीवर किंवा गवतावर दुर्बीण मांडा. गच्चीशिवाय इलाज नसेल तर पाण्याची टाकी, एसीची बाहेरची यंत्रं आणि कठडा यांपासून लांब, गच्चीच्या मधोमध मांडा. गच्चीवर मध्यरात्रीनंतरचा वेळ संध्याकाळपेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला असतो. जोराचा वारा नको, पण हलकी झुळूक आरशावरची ऊब वाहून नेते, त्यामुळे ती चालते.

दुर्बीण घरातल्या तापमानावरून बाहेरच्या तापमानाला यायला वेळ लागतो. 200 मिमीच्या आरशाला तासभर, बंद नळीच्या मॅक्सुटोव्ह किंवा श्मिट-कॅसेग्रेनला दीड तास किंवा त्याहून जास्त. आरशाच्या मागे संगणकातला 80 मिमीचा 12 व्होल्टचा पंखा बसवला तर हा वेळ बराच कमी होतो. पंखा रबरावर टांगा, नाहीतर त्याची थरथर प्रतिमेत उतरते.

परीक्षेला तारा शेजारीच आहे. मघावर दुर्बीण लावा, 150 पट करा आणि फोकस थोडा सोडा. प्रकाशाची गोल थाळी दिसेल. थाळीच्या आत एका बाजूने धुरासारखे संथ झोत उठताना दिसले तर आरसा अजून गरम आहे, थांबा. थाळीवरून बारीक लहरी एकाच दिशेने भराभर पळताना दिसल्या तर दोष वरच्या हवेचा आहे आणि आज 200 च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. थाळी शांत असेल आणि तिच्यातली वर्तुळं मोजता येत असतील, तर ती रात्र सोडू नका.

कॉलिमेशन

परावर्ती दुर्बिणीचे दोन आरसे एका रेषेत नसतील तर मंगळावरचे डाग सर्वांत आधी पुसले जातात, कारण त्यांचा पार्श्वभूमीशी फरक मुळातच कमी असतो. चंद्र चांगला दिसतो म्हणून दुर्बीण नीट आहे असं धरून चालू नका.

हे आरसे एका रेषेत आणणं म्हणजे कॉलिमेशन. आधी फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) चेशायर नळी, म्हणजे आरसे जुळवायचं फुलीवालं साधन, घाला आणि दुय्यम आरशाचे तीन छोटे स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यावरचा ठिपका किंवा कडी नळीतल्या फुलीच्या मधोमध आणा. मग दुर्बिणीच्या मागचे स्क्रू फिरवून चेशायरचं चकचकीत वर्तुळ त्याच ठिपक्यावर आणा. एकेक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा आणि दर वेळी पाहायचं. शेवटचा हात ताऱ्यावरच: मघा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर ठेवा, 200 पट करा, फोकस अगदी किंचित सोडा. वर्तुळं एकाच केंद्राभोवती दिसायला हवीत. ती एका अंगाला दाटलेली दिसली, तर दाटलेली बाजू ज्या दिशेला आहे त्या दिशेला तारा सरकेल असा मागचा एक स्क्रू हलवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि परत पाहा. वर्तुळं एककेंद्री होईपर्यंत हे करत राहा. लेझर वापरत असाल तर तो स्वतः सरळ आहे ना हे आधी तपासा. फोकसरमध्ये तो फिरवला की आरशावरचा लाल ठिपका जागचा हलता कामा नये.

डॉब्सनियनची एक अडचण या वेळी हमखास येणार. मंगळ डोक्यावर असताना दुर्बीण सरळ उभी होते आणि आडवी फिरवायला हाताला पकडच मिळत नाही. प्रतियुतीच्या दिवसांत साडेअकरापर्यंत किंवा सव्वादोननंतर पाहिलंत तर मंगळ सत्तर अंशांच्या आसपास असतो. तो पुरेसा उंच आहे आणि दुर्बीण हातात राहते. तिपाईवरच्या लांब भिंगाच्या दुर्बिणीची नळी त्याच वेळी तिपाईच्या पायाला आपटते, त्यामुळे तिलाही हेच वेळापत्रक लावा.

आयपीसमधून काय पाहायचं

पहिली सूचना थोडी विचित्र वाटेल: डोळे अंधाराला सरावू देऊ नका. अंधुक तेजोमेघ पाहताना अंधारात अर्धा तास बसणं योग्य, मंगळाला ते नुकसानीचं. सरावलेल्या डोळ्याला ही तेजस्वी चकती दिपवते आणि डाग त्या झगमगाटात बुडतात. जवळ मंद पांढरा दिवा असू द्या. रंगही जास्त नीट कळतात.

दुसरी: बसून पाहा. उंची बदलता येणारं स्टूल असेल तर उत्तम. वाकून, मान मोडून पाहणाऱ्याला दोन मिनिटांच्या वर टिकता येत नाही आणि मंगळ पहिल्या दोन मिनिटांत काही दाखवत नाही. निदान वीस मिनिटं सलग पाहायचं. हवा मधूनच एक-दोन सेकंद थांबते आणि त्या क्षणी कडा लख्ख होते, डागांना आकार येतो. ते क्षण गोळा करायचे असतात.

सप्टेंबर 2026 च्या अखेरीस मंगळाच्या उत्तर गोलार्धात वसंत सुरू होईल आणि एप्रिल 2027 च्या मध्याला उन्हाळा. या सगळ्या काळात उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल. जानेवारीत उत्तरेच्या कडेला लख्ख पांढरी टोपी आणि तिच्याभोवती काळपट पट्टा दिसेल. तीन महिन्यांत ती टोपी लहान होत जाताना पाहणं, हे या प्रतियुतीचं खरं काम. दक्षिणेच्या कडेलाही पांढरी चमक दिसेल. ती दक्षिण ध्रुवाची टोपी समजण्याची चूक फार होते. बहुतेक वेळा ते हेलास हे प्रचंड खोरं असतं, थंडीत गोठलेल्या दवाने आणि ढगांनी उजळलेलं. खात्री करायला तासभराने पुन्हा पाहा. हेलास ग्रहाबरोबर सरकतं.

काळ्या डागांत सिर्टिस मेजर सर्वांत ठळक, उत्तरेला टोक असलेला त्रिकोण, रेखांश 290 च्या आसपास. रेखांश 30 जवळ उत्तरेला मेअर अ‍ॅसिडॅलियम, तोही गडद आणि या वेळी आपल्याकडे झुकलेला. 100 ते 180 या रेखांशांच्या पट्ट्यात थार्सिसचं पठार आणि ऑलिंपस मॉन्स येतात. तिथे डाग जवळजवळ नाहीत, त्यामुळे त्या बाजूची पहिली रात्र पदरात पडली की लोक हिरमुसतात. पण याच ऋतूत त्या ज्वालामुखींवर दुपारनंतर पांढरे ढग जमतात. निळा 80ए फिल्टर लावला की ते उठून दिसतात. डागांसाठी नारिंगी 21 किंवा फिकट लाल 23ए. गडद लाल 25 हा 200 मिमीपेक्षा लहान दुर्बिणीत नको, प्रतिमा फार काळी पडते. एकच फिल्टर घेणार असाल तर 21 घ्या.

मंगळ स्वतःभोवती फिरायला 24 तास 37 मिनिटं घेतो, म्हणून कालचाच चेहरा आज साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं उशिरा समोर येतो. रोज ठरलेल्या वेळी पाहिलंत तर दर रात्री रेखांश नऊ-दहा अंशांनी मागे पडतो आणि सगळा ग्रह पाहून व्हायला पाच आठवड्यांहून थोडा जास्त काळ लागतो. काल सिर्टिस मेजर दिसला नाही आणि परवाही नाही, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी चकतीच्या मध्यावर त्या वेळी कोणता रेखांश होता ते पाहा. स्टेलारियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत मंगळ निवडला की तो मिळतो.

दिशा चाचपायला मोटार बंद करा. मंगळ दृष्टिक्षेत्रातून ज्या बाजूने बाहेर पडतो ती पश्चिम. दुर्बिणीचं तोंड ध्रुवताऱ्याकडे किंचित ढकला. दृष्टिक्षेत्राच्या ज्या कडेकडून नवे तारे आत येतात ती उत्तर. साध्या परावर्ती दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं असतं. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदललेलं असतं आणि ते कागद फिरवून सुलटं होत नाही.

फोटो

मोबाइल आयपीसला क्लॅम्पने लावा, एक्स्पोजर चकती करडी दिसेपर्यंत खाली आणा आणि फोटोऐवजी दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. ग्रहांचा कॅमेरा असेल तर बार्लो अशी निवडा की दुर्बिणीचा एफ आकडा (नाभीय अंतर भागिले व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या साधारण पाचपट होईल, उदाहरणार्थ 2.9 मायक्रॉनला एफ/14-15. 200 मिमीच्या दुर्बिणीत एक व्हिडिओ तीन-चार मिनिटांच्या वर नेऊ नका, ग्रह फिरल्याने तपशील पुसतात. व्हिडिओतल्या चौकटी ऑटोस्टॅकर्ट या संगणक-प्रणालीत एकावर एक रचा. नंतर धार काढताना हात आवरा. चकतीच्या एका कडेला आत बारीक काळी कमान दिसू लागली, तर ती मंगळावर नाही, प्रक्रियेतून आली आहे.

चित्र आणि नोंद

फोटो काढत असलात तरी चित्र काढाच. डोळ्याला पाहायला चित्रानेच शिकवलं जातं. घरूनच 50 मिलिमीटर व्यासाची वर्तुळं छापून न्या. 2बी आणि 4बी पेन्सिल, खोडरबर, आणि छटा पसरायला गुंडाळलेला कागद. आधी टोपी आणि सर्वांत गडद डागांच्या जागा, मग त्यांचे आकार, शेवटी छटा. मंगळ तासाला सुमारे पंधरा अंश फिरतो, म्हणून डागांच्या जागा पंधरा मिनिटांत पक्क्या करा आणि तीच वेळ लिहा. वेळ जागतिक वेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री दोनचं निरीक्षण आदल्या तारखेला 20:30 चं होतं आणि तारखेची चूक इथेच होते. सोबत दुर्बीण, विवर्धन, फिल्टर आणि हवेची स्थिरता अँटोनिआडीच्या एक ते पाच श्रेणीत लिहा. एक म्हणजे निश्चल, पाच म्हणजे चित्र काढणंच अशक्य.

ही श्रेणी ज्याच्या नावाची, त्या अँटोनिआडी या ग्रीक-फ्रेंच खगोलनिरीक्षकाने 1909 मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथल्या 83 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. 1877 पासून गाजत असलेले सरळ रेषेतले 'कालवे' शांत हवेत सुट्या, वेड्यावाकड्या डागांत मोडताना त्याला दिसले. आधीचे निरीक्षक काही खोटारडे नव्हते. जे असणार असं मनात धरलं होतं, ते अस्पष्ट प्रतिमेत डोळ्यांनी जोडून घेतलं. आपल्या गच्चीवरही हे घडतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे: रेखांश आणि नकाशा निरीक्षणाच्या आधी पाहायचा नाही. चित्र पुरं करा, वेळ टाका, सही करा, आणि मगच नकाशा उघडून ताडून पाहा. जे चुकलं ते खोडायचं नाही. बाजूला वेगळ्या रंगाच्या पेनने टीप लिहायची.

पहिल्यांदाच पाहत असाल आणि जवळ दुर्बीण नसेल, तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ या हौशी निरीक्षकांच्या जुन्या संस्था आहेत. त्यांच्या कार्यक्रमांची चौकशी जानेवारीतच करा, आणि पाळी आली की आयपीसपाशी दहा सेकंदांत 'दिसला' म्हणून बाजूला होऊ नका. कडा स्थिर होईपर्यंत थांबायला मिळेल का, ते विचारा.